कान्हेरीच्या माथ्यावरून दिसणारे पाणी

सुट्टी जवळ आली की मुले ‘कुठेतरी चला’ म्हणून मागे लागतात. महाबळेश्वर, माथेरान ही नावे काढायला सोपी, पण चार-पाच माणसांच्या कुटुंबाला तिथे राहण्या-खाण्याचा खर्च झेपत नाही. मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या आपल्या कुटुंबांसाठी लोकलचे तिकीट आणि घरून नेलेला भाजी-चपातीचा डबा एवढ्यात होणारी एक सहल आहे. ती म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी.

तुम्ही म्हणाल, कान्हेरी तर आम्ही पाहिली आहे. बरोबर आहे. पण पाहिली म्हणजे काय? तिसऱ्या लेण्यात जायचे, २२ फुटांच्या उभ्या बुद्धमूर्तींसमोर हात जोडायचे, पायऱ्यांवर बसून फोटो काढायचा, डबा खायचा आणि परतायचे. वरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या आपल्यातले फार थोडे लोक चढतात. यावेळी त्या चढा. म्हातारी माणसे असतील तर थांबत थांबत चढा, पण चढा.

माथ्यावर आलात की पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती दिसतात. त्याकडे पाठ करून आग्नेयेकडे आणि दक्षिणेकडे पाहा. खाली दाट जंगल आहे. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असेल तर त्या हिरवाईत चकाकणारे पाणी दिसते. जवळचा तो तुळशी तलाव आणि दक्षिणेला लांब पसरलेला तो विहार. दोन्ही तलाव याहून चांगले पाहायचे असतील तर उद्यानातील जांभूळमाळ हे ४६८ मीटर उंचीचे ठिकाण आहे. ते मुंबईतले सर्वांत उंच ठिकाण. मात्र तिथे वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच जायचे असते.

हे तलाव निसर्गाने केलेले नाहीत. १८५०च्या दशकात मुंबईत पाण्याचे फार हाल होते. विहिरी आणि तळी एवढाच आधार होता. म्हणून मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून १८६० साली विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. त्यानंतर १८७९ साली तुळशी झाला. आज मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. भातसा, वैतरणा यांच्यापुढे हे दोन अगदी लहान, पण नळाची सुरुवात इथून झाली. पहाटे उठून नळावर हंडे लावणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी हे पाणी एकदा उंचावरून पाहायलाच हवे. आपल्या समाजाला पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते आपल्या घराघरांत मुलांना सांगितले जाते.

आता नजर पुन्हा पायाजवळ आणा. लेण्यांच्या दारापाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरउतारावर आणि लेण्यांच्या कपाळावर कातळात बारीक पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वाहत येऊन पोढीत साठते. शंभराहून अधिक लेणी, शेकडो भिक्खू आणि वर्षातले आठ महिने कोरडा डोंगर. पोढ्या नसत्या तर इथे विहार टिकलाच नसता. मधल्या नाल्यावर जुन्या बांधाचेही अवशेष आहेत. इंग्रजांनी खालच्या खोऱ्यात जे केले, तेच काम आपल्या भिक्खूसंघाने सतराशे-अठराशे वर्षे आधी वरच्या कातळात केले होते.

आणि या पोढ्या खोदवल्या कुणी? मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झाले, पण त्याचा खर्च व्यापाऱ्यांनी केला. कान्हेरीच्या लेखांत राजांपेक्षा साधी माणसे जास्त भेटतात. कल्याणचा सोनार, लोहार, सोपाऱ्याचे व्यापारी, भिक्खुणी, कुणाची पत्नी, कुणाची आई. कुणी खोली दिली, कुणी पाण्याची पोढी, कुणी चालायची वाट. नवव्या शतकातल्या एका लेखात तर चीवरांबरोबर पुस्तकांसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. मुलांना हे सांगा. दान द्यायला राजा असावे लागत नाही.

माथ्यावर उभे असताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे जंगल आहे म्हणून हे पाणी आहे. झाडांची मुळे पाऊस धरून ठेवतात, माती तलावात वाहून जाऊ देत नाहीत. पण जंगल राखण्याची किंमत कुणी दिली? १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या तोडण्यात आल्या. हजारो कष्टकरी कुटुंबे उघड्यावर आली. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा आणि भरायला पैसे ज्यांच्याजवळ होते, त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढे चांदिवलीला घरे मिळाली. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांचे काय झाले, ते त्यांनाच ठाऊक. जंगलातल्या पाड्यांवर वारली, मलहार कोळी, कातकरी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शहराला पाणी देणाऱ्या तलावांशेजारी राहून त्यांना नळासाठी आणि विजेसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. जंगल वाचलेच पाहिजे. पण ते वाचवण्याचा भार फक्त गरिबाच्या खांद्यावर का, हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना गप्प करू नका.

आता थोडे उपयोगाचे. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे घ्यावे लागते. दरवाज्यापासून लेणी सहा-सात किलोमीटर आहेत, म्हणून सकाळी लवकर निघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसात कातळ निसरडा होतो, लहान मुलांचा हात सोडू नका. तलाव फक्त लांबून पाहायचे आहेत. काठावर जायला परवानगी नाही, विहारमध्ये मगरी आहेत आणि जंगलात बिबट्या आहे. अंधार पडायच्या आत उतरा. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. पोढीत उष्टे टाकू नका, चूळ भरू नका. शिलालेखांवर खडूने किंवा दगडाने नाव लिहिणाऱ्या पोराला तिथल्या तिथे अडवा, मग तो आपला असो की दुसऱ्याचा. ज्या सोनाराने पोढी दिली त्याचे नाव तिथे कोरले गेले ते दानामुळे. आपल्याला आपले नाव तिथे सोडायचे नाही, त्यांची नावे वाचता येतील अशी राखायची आहेत.

जयभीम.