सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवू नका

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव चिंताकी, औराद तालुका, जिल्हा बिदर. घरात मराठी, कचेरीत कन्नड. मी तेव्हा उदगीरला कंप्युटर शिकत होतो आणि सुट्टीत गावाकडं आलो की ओळखीच्यांच्या मशीनवर विंडोज एक्सपी टाकून द्यायचो.

एक्सपी टाकायला तासभर लागायचा आणि मधेमधे प्रश्न यायचे. नाव काय, की नंबर काय, वेळ कुठली? उठता यायचं नाही. म्हणून मी बूट होणारी सीडी बनवली. तिच्या आय-३८६ फोल्डरमध्ये उत्तरांची फाईल ठेवली (भारतीय वेळेचा त्यातला क्रमांक १९०, अजून पाठ आहे) आणि बाकीची सॉफ्टवेअरं टाकायला एक बॅच फाईल.

दोन-चार मशीनवर झकास चाललं. मग एका ठिकाणी विंडोज बसली, पण सॉफ्टवेअरं काही येईनात. काळी खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. सीडी खराब समजून तीनदा नवी केली! शेवटी फाईलमधला 'एको ऑफ' काढला, खाली 'पॉज' लिहिलं, तेव्हा कुठं संदेश वाचता आला. त्या हार्डडिस्कचे दोन भाग होते, त्यामुळं सीडी 'ई' वर गेलेली, आणि माझी फाईल तिला 'डी' वर शोधत बसलेली. मग सीडीवर खुणेची एक फाईल ठेवली आणि ती सापडेपर्यंत 'डी' पासून 'झेड' पर्यंत सगळी अक्षरं तपासायला लावली. एक सेटअप संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं, तिथं 'स्टार्ट'ला 'वेट' जोडलं. आता एकदम पक्कं झालं, असं वाटलं.

पुढं एका अडत दुकानात तीच सीडी घातली आणि चहाला गेलो. नव्या मशीनसाठी म्हणून मी त्यात 'रीपार्टिशन येस' लिहून ठेवलं होतं. म्हणजे पहिल्या डिस्कवरचं सगळं पुसून नव्यानं बसव. हे दुकान जुनं, मशीन जुनं. परत आलो तर सगळं चकाचक.

मालक म्हणाले, "बाबा, माझं तुरीचं खातं कुठं हाय रे?"

स्क्रिप्ट बिनचूक चालली होती. रागावले नाहीत ते, पावत्यांचं पोतं पुढं ठेवलं. आठ रात्री बसून मी हिशोब परत भरला. सगळा काही जुळला नाही.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. कंटाळवाणी कामं खुशाल मशीनवर सोपवा, पण जे पुसलं की परत येत नाही, तिथं माणसाला विचारलंच पाहिजे. सोय होतीच, 'ऑटोपार्टिशन'पुढं ० लिहिलं की सेटअप तेवढ्या ठिकाणी थांबायचं. कीबोर्डचंही तसंच. मराठीचा कोड ०४४ई, कन्नडचा ०४४बी. आमच्या भागात कुणाला कुठला हवा, हे मी उदगीरला बसून का ठरवावं?

आता सीडी गेल्या. पण घरोघरी पोरं आईवडिलांचा फोन दोन मिनिटांत रीसेट करून देतात. पोरांनो, बटण दाबायच्या आधी एकदा विचारा, "आई, यातलं काय ठेवायचंय?"