बातमीतील सांधा

नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. त्यामागील वादाच्या केंद्रस्थानी होता एका भाषणातील सांधा. ६ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी वॉशिंग्टन येथे जे भाषण केले, त्यातील दोन तुकडे ‘पॅनोरामा’च्या ऑक्टोबर २०२४ मधील कार्यक्रमात जोडून दाखविले होते. कॅपिटॉलकडे चालत जाऊ हे एक वाक्य. त्वेषाने लढण्याचे दुसरे. मूळ भाषणात या दोहोंमध्ये ५० हून अधिक मिनिटांचे अंतर होते. शांततेने जाण्याचा उल्लेख मधल्या मध्ये गळाला, आणि दोन्ही वाक्ये एका श्वासात उच्चारल्यासारखी ऐकू आली.

ट्रम्प यांच्याविषयी कोणाचे मत काय आहे, हा प्रश्न येथे गौण होय. असा सांधा इतका सहज कसा बसतो, हे मात्र प्रत्येक प्रेक्षकाने समजून घेतले पाहिजे.

१९५६ मध्ये चित्रफीत वापरात आली, तेव्हा ती अक्षरशः पात्याने कापून चिकटवीत. पुढे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर क्रमाने नक्कल करण्याची पद्धत रूढ झाली. तीत मध्येच दहा सेकंद वाढवावयाचे तर पुढचे सारे पुन्हा उतरवून घ्यावे लागे. १९७१ च्या ‘सीएमएक्स ६००’ यंत्राने हवा तो तुकडा हव्या त्या क्रमाने मांडण्याची वाट दाखविली, आणि १९८९ मध्ये ‘ॲव्हिड’ कंपनीने आपले संगणकावरील संपादनयंत्र पुढे आणल्यावर ती वाट राजरस्ता झाली. आज हेच काम बातमीदार मांडीवरच्या संगणकावर करतो.

या पद्धतीत मूळ चित्रण कापले जातच नाही. पडद्यावर जी पट्टी दिसते, ज्याला ‘टाइमलाइन’ म्हणतात, ती केवळ एक यादी असते: कोणता तुकडा, कोठून कोठपर्यंत, कोणामागून कोण. वहीतील स्वरलिपी खोडली म्हणून गाणे पुसले जात नाही, तसेच हे. आवाज आणि चित्र यांच्या पट्ट्याही निरनिराळ्या असतात. वक्त्याचे वाक्य जेथे तोडले तेथे वर गर्दीचे दृश्य ठेवले, की कानाने मारलेली उडी डोळ्याला कळत नाही.

काटछाट केल्याविना बातमी होणार नाही, हे मान्य. तासाभराचे भाषण दीड मिनिटात बसवावयाचे तर निवड ही आलीच. परंतु निवडणे वेगळे आणि क्रम बांधणे वेगळे. संगीताच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागत नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. परंतु भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. कोणता स्वर कोणाशेजारी आला आणि कोठे थांबलात, एवढ्यावर सायंकाळची सकाळ होते. एकही स्वर खोटा नसताना राग मात्र बदलतो. बातमीतही प्रत्येक शब्द खरा असून वाक्य खोटे होऊ शकते.

यावर उपाय अवघड नाहीत. दोन तुकड्यांमध्ये क्षणभर पांढरी चमक दाखविण्याची रीत वृत्तसंपादकांना ठाऊक आहे. किंवा ‘पुढे काही वेळाने ते म्हणाले’ एवढे निवेदकाने सांगावे. त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. शिवाय मूळ चित्रण शाबूत असल्यामुळे, ज्याने सांधा बसविला त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी ते एकवार सलग ऐकून पाहावे. जुन्या यंत्रांत ही सोय इतकी हाताशी नव्हती; आज ती आहे आणि तिचाच उपयोग होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘पॅनोरामा’तील सांध्याबद्दल बीबीसीचे अध्यक्ष समीर शाह यांनी क्षमा मागितली. आपल्याकडील वाहिन्यांनीही यातून बोध घ्यावयास हवा. नाटक-सिनेमात सांधा दिसला नाही तर ती कारागिरी. बातमीत तो दिसणे हा प्रेक्षकाचा हक्क होय.