भंगारात काढण्याची घाई नको

संपादक महाशयांस,

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, एवढ्यावरून जुने संगणक भंगारात काढावेत, असा जो निर्णय गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला सर्वथा अमान्य आहे. माझ्या घरच्या २ जीबी मेमरीच्या यंत्रावर प्रथम मी डेबियन या लिनक्स प्रणालीसोबत ग्नोम हा भारी डेस्कटॉप घातला, तेव्हा हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुके आणि माऊसचा बाण जागीच थिजे. परंतु त्याऐवजी एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घालून, मेमरीतील मजकूर दाबून साठविणाऱ्या झेडरॅमची तजवीज करताच तेच यंत्र सुरळीत चालू लागले, व प्रस्तुत पत्रही त्यावरच इन्स्क्रिप्ट कळपाटाने टंकलिखित केले आहे. ब्राउझरमध्ये अनेक पाने एकदम उघडल्यास ते अडखळते, ही पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त आहे. ज्यांचे यंत्र ३२-बिट आहे त्यांनी डेबियन १२ च घ्यावे, कारण १३ मध्ये अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर ठेवलेला नाही.

भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी वाचकांनी एकवार हा प्रयोग अवश्य करून पाहावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, पळस्पे (पनवेल)