शेजारी धावून येतात काय?

तैवानवर चीनने उद्या चाल केली, तर अमेरिका आपले सैन्य तेथे उतरवील काय? गेली काही वर्षे वृत्तपत्रांतून हा प्रश्न वारंवार विचारला जातो. जो बायडन यांनी अध्यक्षपदी असताना त्याला एकाहून अधिक वेळा होकारार्थी उत्तर दिले आणि त्यानंतर त्यांच्याच कार्यालयाने, धोरणात बदल झालेला नाही, असा खुलासा केला. महागावसारख्या तालुक्याच्या गावी बसून याची चर्चा करणे काहींना नसती उठाठेव वाटेल. कापसाचा भाव आणि पैनगंगेचे पाणी हे आपले प्रश्न. तैवानशी आपले काय देणेघेणे? परंतु बलाढ्य होत चाललेली सत्ता दुसऱ्याची भूमी गिळू लागली असता तिचे प्रतिस्पर्धी शस्त्र घेऊन उभे राहतात की बघत बसतात, या प्रश्नाचा निकाल एकदा आपल्या वऱ्हाडातच लागलेला आहे.

ती गोष्ट १८०३ सालची. ईस्ट इंडिया कंपनी ही त्या वेळची उगवती सत्ता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनीशी तह करून तिची तैनाती फौज पदरी घेतली. या तहाचा अर्थ काय, हे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना कळून चुकले व त्यांच्या फौजा वऱ्हाडच्या सीमेवर एकत्र आल्या. होळकरांकडेही बोलणी गेली. होळकर मात्र माळव्यात निघून गेले आणि युद्धापासून दूर राहिले. शिंद्यांशी त्यांचे वैर जुने. शिंदे दुबळे झाले तर आपले फावेल, असा हिशेब त्यांनी मनाशी केला असल्यास नवल नाही. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि अवघ्या दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीने घेतला, तर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड तिने निजामाला देऊन टाकला. पुढच्या वर्षी होळकर एकटे कंपनीशी लढावयास उभे राहिले, तेव्हा शिंद्यांची फौज त्यांच्या मदतीस धावली नाही. पुढे १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी हाच वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमचा लिहून घेतला. एखादे शेत मक्त्याने द्यावे तसा हा प्रांत या हातातून त्या हातात गेला. येथे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही.

येथे आपल्या समाजातील एखादा वाचक थांबून विचारील की, ज्या सत्तेने आमच्या पूर्वजांना माणूस म्हणून जवळ केले नाही, ती बुडाली याचे दुःख आम्ही का करावे? प्रश्न रास्त आहे. ती सत्ता बुडाल्याचे दुःख मीही करीत नाही. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले ते कंपनीच्या मुंबई पलटणींत शिपाई होऊन लढले, यात त्यांचा दोष नव्हता. ज्या राज्यात आपला वाटा नाही, त्यासाठी कोण मरेल? किंबहुना, प्रजेतील मोठ्या वर्गाला बाहेर ठेवणाऱ्या राज्याची तटबंदी आतूनच ढासळलेली असते, हा १८०३ चा मला दिसणारा मोठा धडा आहे. होळकर आले नाहीत, ही गोष्ट त्यानंतरची.

हाच प्रश्न दीडशे वर्षांनी स्वतंत्र भारतापुढे आला आणि तो सर्वांत परखडपणे मांडणारा माणूस आपला होता. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. चामदो येथील तिबेटी फौज दोन आठवड्यांच्या आत शरण गेली. नोव्हेंबरमध्ये तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. त्याची बाजू मांडावयास पुढे आला तो मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा चिमुकला देश! ब्रिटन आणि भारत यांनी, प्रकरण शांततेने मिटेल, असे सांगितले आणि विषय पुढे ढकलला गेला. तो ढकललेलाच राहिला. अमेरिका त्या वेळी कोरियात गुंतली होती. मे १९५१ मध्ये तिबेटी प्रतिनिधींनी पेकिंगमध्ये सतरा कलमांच्या करारावर सह्या केल्या. २९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी करार करून तिबेटातील आपले उरलेसुरले हक्क सोडले, आणि त्या कराराच्या प्रारंभीच पंचशीलाची पाच तत्त्वे घातली.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यसभेत बोलले. पंचशील हा शब्द बुद्धाच्या धम्मातून उचललेला आहे, हे त्यांना इतरांहून अधिक ठाऊक होते. माओंची त्यावर श्रद्धा असती, तर स्वतःच्या देशातील बौद्धांशी ते वेगळ्या रीतीने वागले असते, असे त्यांनी सांगितले. चीनला ल्हासा घेऊ देऊन आपण चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडविली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्याही आधी, १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले होते की, ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नापैकी १८० कोटी लष्करावर खर्च होत आहेत, कारण अडचणीच्या वेळी भरवसा ठेवावा असा मित्र आपल्याला उरलेला नाही. १९६२ च्या २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. त्याच आठवड्यात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया क्युबाच्या प्रश्नावरून एकमेकांसमोर ठाकले होते. १९ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांना पत्रे लिहून लढाऊ विमानांची पथके मागितली. २१ नोव्हेंबरला चीनने आपण होऊनच युद्ध थांबविले. शस्त्रे व मालवाहू विमाने आली, परंतु आपल्या बाजूने लढण्यास कोणाचेही सैन्य आले नाही.

तिबेटी बंडखोरांना अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने काही वर्षे शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले. त्यात तिबेटची मुक्ती साधण्यापेक्षा चीनला डिवचत राहण्याचा हेतू अधिक होता, असे माझे मत आहे. कारण चीनशी मैत्री करण्याची वेळ येताच ती मदत आटली. १९७२ च्या फेब्रुवारीत निक्सन पेकिंगला गेले. त्याच साली आपल्या विदर्भात, तेव्हाच्या भंडारा आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. हिमालयाच्या थंडीतील माणसे धानपट्ट्याच्या उन्हात येऊन राहिली. हिवाळ्यात स्वेटर विकणारी जी तिबेटी कुटुंबे विदर्भातील शहरांत आपण पाहतो, त्यांच्याशी भाव करताना हा इतिहास फारसा कोणाच्या मनात येत नाही.

तेव्हा बलवान राष्ट्रे कधीच धावून येत नाहीत काय? तसेही नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा अमेरिकेसह अनेक देशांच्या फौजा काही महिन्यांत वाळवंटात उतरल्या. तेथे तेल होते. युक्रेनला १९९४ मध्ये अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात सीमांच्या सुरक्षिततेची आश्वासने मिळाली होती, आणि ती देणाऱ्यांत रशियाही होता. २०२२ मध्ये रशियाने सर्व बाजूंनी चाल केल्यावर युक्रेनला शस्त्रे आणि पैसा मिळाला, सैन्य मिळाले नाही. ही मदतदेखील वाढली ती पहिल्या काही आठवड्यांत कीव्ह पडले नाही म्हणून. दुसरा येतो तो स्वतःच्या हितासाठी येतो, आणि तोपर्यंत जो उभा असतो त्याच्यासाठीच येतो. तैवानशी अमेरिकेचा संरक्षण करार १९८० च्या प्रारंभी संपला. १९७९ चा तिचा कायदा शस्त्रे पुरविण्याचे बोलतो, सैनिक पाठविण्याचे वचन देत नाही. साऱ्या जगाला लागणाऱ्या संगणकीय चिप तैवानात तयार होतात, म्हणून त्याची गोष्ट कदाचित तिबेटसारखी होणार नाही. परंतु 'कदाचित' या शब्दावर देशाचे संरक्षण सोपविता येत नाही.

भारताने तैवानसाठी युद्धात उतरावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र दुसऱ्याच्या भूमीवरील बळजोरीला आपल्या सहीने मान्यता देण्याची घाई करू नये, एवढे म्हणेन. ती १९५४ मध्ये काँग्रेसच्या सरकारने केली आणि जून २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य करून वाजपेयी सरकारनेही केली. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले. आपल्या घराघरांतून मुले सैन्यात भरती होतात. या सह्यांची किंमत शेवटी तीच देतात.

बौद्धांनी सैन्याच्या आणि सीमेच्या गोष्टी कशाला बोलाव्यात, असेही कोणी विचारील. वैशालीच्या सिंह सेनापतीने हाच प्रश्न बुद्धांना विचारला होता, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात तो संवाद मुद्दाम दिला आहे. न्यायासाठी करावा लागणारा बळाचा वापर आणि लोभापायी केलेली हिंसा यांत तेथे स्पष्ट भेद केलेला आहे. आपल्या वक्तृत्व स्पर्धांतून मुले अहिंसेवर पुष्कळ बोलतात. त्यांनी हा संवादही वाचावा आणि राज्यसभेतील १९५४ चे भाषणही.

शाळेच्या सहली दीक्षाभूमीला, अजिंठ्याला जातात, जावयासच हव्यात. पुढील वर्षी एक सहल गोठणगावला न्यावी, अशी माझी सूचना आहे. तेथे बुद्धविहार आहे, मुलांना आपलेपणा वाटेल. आणि तुमच्या देशाच्या मदतीला त्या वेळी कोण आले होते, हे आपल्या मुलांनी तेथील एखाद्या वृद्ध आजोबांना विचारावे.