वर्गणी सगळ्यांची, चावी कुणाची?

बालदोस्तांनो, गणपती जवळ आले की पुण्यात दारादारांवर बेल वाजायला लागते. "काकू, मंडळाची वर्गणी!" पावती फाडली जाते आणि उत्सव संपला की चांगली मंडळं जमाखर्च फलकावर लावतात. आता समजा, एखादा श्रीमंत माणूस म्हणाला, "सगळा खर्च मी करतो, पण मांडवात माझंच ऐकायचं!" मंडळानं काय करावं?

हाच प्रश्न गप्पांच्या सॉफ्टवेअरलाही पडतो, बरं का!

यातली काही सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' असतात. म्हणजे ती कशी लिहिली आहेत ते उघड असतं. कुणीही ते वाचावं, चुका शोधाव्यात, सुधारणा कराव्यात. देशोदेशीची माणसं हे काम सवडीनं, पुष्कळदा एक पैसाही न घेता करतात.

"मग पैसे लागतात कशाला?" असं विचाराल. अहो, तुमचा निरोप मैत्रिणीच्या फोनवर पोचेपर्यंत मधे मोठाले कॉम्प्युटर राबत असतात. त्यांचं भाडं कोण देणार? 'सिग्नल' हे असंच एक ॲप. ते चालवणारी संस्था नफा कमावत नाही, जाहिराती घेत नाही. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन यांनी २०१८ साली तिच्यासाठी ५ कोटी डॉलर उभे केले. पुढे २०२३ साली संस्थेनं आपला खर्च जगापुढे मांडला. नाव नोंदवताना एसएमएसवर जो आकडा येतो ना, नुसत्या त्यावर वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर! मंडळाच्या फलकासारखाच हा जमाखर्च. तो वाचूनच लोक ठरवतात, देणगी द्यायची की नाही.

आणि भरवसा उडाला तर? 'फ्रीनोड' हा गप्पांचा एक जुना कट्टा. ओपन सोर्सवाली मंडळी जगभरातून तिथे जमायची. तो चालवायचे स्वयंसेवक. २०१७ साली त्यामागची कंपनी एका उद्योजकाकडे गेली आणि मे २०२१ मध्ये कट्टा नक्की कुणाचा यावरून भांडण पेटलं. बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले. त्यांनी 'लिबेरा चॅट' नावाचा नवा कट्टा मांडला आणि कितीतरी प्रकल्प त्यांच्यामागे गेले. जुनं नाव आणि पत्ता तेवढा मागे राहिला.

मग पैसेही मिळावेत आणि चावीही सगळ्यांच्या हाती राहावी, यावर तोड काय? महाराष्ट्राला ती ठाऊक आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभारला. १९५० साली तो सुरू झाला. सहकाराचा नियम साधा: एक सभासद, एक मत. मग शेअर पाच असोत की पाचशे!

हाच नियम गप्पांना लावायचं आपल्या देशातल्या काही मंडळींनी ठरवलं. त्यांच्या ॲपचं नाव 'प्राव', म्हणजे मल्याळम भाषेत कबुतर. कल्पना अशी, की वापरणारेच सभासद आणि तेच मालक. पण एकाहून अधिक राज्यांत सहकारी संस्था काढायची, तर कायद्यानं प्रत्येक राज्यातून किमान ५० सभासद हवेत. म्हणजे एकेकाला गाठायचं, पटवायचं! श्रीमंताच्या एका सहीपेक्षा हे काम कितीतरी सावकाश चालणार.

आणि सहकार म्हणजे काही जादू नव्हे. सभासद सभेलाच गेले नाहीत, हिशेब विचारलाच नाही, तर तिथेही चावी चार जणांच्या खिशात जाते.

तर या आठवड्याचा उद्योग: घरातल्या फोनवरचं कुठलंही एक ॲप घ्या. आई-बाबांना घेऊन बसा आणि तीन उत्तरं शोधा. याचा खर्च कोण करतं? हिशेब कुठे पाहायला मिळतो? आणि निर्णय कुणाच्या मतानं होतात? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. चिकाटी सोडू नका!