उचल देणारा आधी येतो

आषाढात लावणी उरकत आली की तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर एक भरती होते. तिची जाहिरात निघत नाही, ऑनलाइन अर्ज नसतो, कुणी छाती मोजत नाही. वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटमालकांचा माणूस येतो. बहुतेक वेळा तो याच भागातला, पूर्वी स्वतः खलाशी म्हणून जाऊन आलेला. ओट्यावर टेकतो, पाणी पितो. कुणाकडे लग्न निघालंय, कुणाचा बैल मेला, कुणाची आई दवाखान्यात आहे, हे त्याला विचारावं लागत नाही. तो उचल हातावर ठेवतो आणि ऑगस्टमध्ये हंगाम उघडला की पोरं गाडीत बसून सौराष्ट्राकडे निघतात. दिवाळीनंतर दुसरी भरती, वीटभट्टीची. ती मुकादम करतो, आणि त्यात नवरा-बायको-पोरं असं अख्खं बिऱ्हाड जातं.

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी चार दिवस चकमक झाली, तेव्हा सैन्यभरतीवर भरपूर बोललं गेलं. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर यायचं: लढाई लांबलीच तर माणसं कमी पडणार नाहीत, आदिवासी पट्ट्यात रिकामी पोरं पडून आहेत. हे वाक्य बोलणाऱ्यांनी डहाणूचा पूर्व भाग बहुधा महामार्गावरच्या ढाब्यापलीकडे पाहिलेला नसावा. इथली पोरं रिकामी नाहीत, ती आधीच भरती झालेली आहेत.

गरिबी आहे म्हणजे माणूस आपखुशीनं बंदूक उचलेल, हा हिशेब फार जुना आहे आणि तो वारंवार चुकलेला आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1918 च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक गोळा करत फिरले. डहाणूहून रेल्वेनं काही तासांवरचा तो मुलूख. सारामाफीच्या सत्याग्रहात याच शेतकऱ्यांनी त्यांना फुकट बैलगाड्या दिल्या होत्या. भरतीसाठी आल्यावर पैसे देऊनही गाडी मिळेना. पायपीट करून करून गांधीजी आजारी पडले, भरती मात्र नाममात्र झाली. टिळकांचा पवित्रा मला जास्त व्यवहारी वाटतो. महाराष्ट्रातून 5,000 माणसं देतो, हमी म्हणून हा 50,000 रुपयांचा धनादेश, पण आमच्या लोकांना सैन्यात अधिकारपदं मिळतील असं सरकारकडून आधी वदवून घ्या, असा त्यांचा निरोप होता. मदतीत सौदा नको म्हणून गांधीजींनी धनादेश परत केला. सौदा नको हे थोर माणसानं म्हणणं ठीक आहे. ज्याचा मुलगा जाणार त्याला तो विचारावाच लागतो.

आणि आपखुशी संपली की काय होतं, तेही त्याच युद्धात दिसलं. पंजाबात भरतीचे आकडे ठरवून दिले गेले आणि ते भरायला जबरदस्ती झाली. मजूर पलटणीसाठी मणिपूरच्या डोंगरात माणसं मागितली, तेव्हा 1917 मध्ये कुकी उठले आणि ते बंड 1919 पर्यंत चाललं. खुद्द ब्रिटनलाही 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य 25 लाखांवर गेलं, तेही सक्तीच्या कायद्याविना. महाराष्ट्रात 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, डॉ. आंबेडकरांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला होता, कारण सैन्यातून काय मिळतं हे ते सुभेदाराचे चिरंजीव म्हणून जाणून होते. त्याच काळात डहाणू-उंबरगावच्या वारल्यांचं काय चाललं होतं? ते वेठ करत होते. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला इथे लग्नगडी म्हणत. ज्याचं अंगच गहाण आहे तो भरतीच्या रांगेत उभा राहणार कसा? किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर 1940 मध्ये युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेल्या, सुटून आल्या आणि 1945 मध्ये वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरीला सभा झाली. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले, तरी जमाव हटायला तयार नव्हता. वारली माणसात धीर नाही असं म्हणणाऱ्यानं एवढं एक लक्षात ठेवावं.

वेठ गेली. पण लग्नासाठी उचल घेऊन हंगामभर बांधलं जाणं गेलेलं नाही, हे उघडं गुपित आहे.

आता सैन्याचा सौदा पाहा. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 कापून ठेवायचे. तेवढेच सरकार घालणार आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे 11.71 लाख रुपये सेवानिधी मिळणार. चारातला एक कायम होईल, बाकीचे घरी, निवृत्तिवेतन नाही. कागदावर ही रक्कम खलाश्याच्या स्वप्नातही येणार नाही. पण सरकार पैसे शेवटी देतं आणि बोटवाला आधी देतो. ज्याच्या घरी या महिन्यात तांदूळ संपलाय, त्याच्या दृष्टीनं चार वर्षांनंतरचे अकरा लाख आणि न मिळणारे अकरा लाख यांत फार फरक नाही.

त्यातून वेळापत्रक कसं आहे बघा. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी ऑनलाइन नोंदणी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान झाली. त्या काळात तलासरीचे तरुण कुठे असतात? काही समुद्रात, जिथे मोबाइलला रेंज नाही. काही भिवंडी-वसईच्या भट्टीवर, जिथे आधार कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलेलं असतं. जो गावात असतो तो तलासरी नाक्यावरच्या सायबर कॅफेत जातो. तिथे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि बापाच्या नावात तिसरीच वेलांटी निघते. दुरुस्तीला तालुक्याला खेपा. तोवर मुदत संपते. 2025 पासून परीक्षा मराठीतही देता येते, हे चांगलंच झालं. घरात वारली बोलणाऱ्या पोराला मराठी ही शाळेत भेटलेली भाषा असली तरी इंग्रजी-हिंदीपेक्षा ती जवळची. उंचीतही सवलत आहे: महाराष्ट्रातल्या इतरांना 168 सेंटिमीटर, मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्यांना 162. (पण कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात सहा सेंटिमीटरची सूट देऊन सरकार नेमकं काय कबूल करतंय, हा वेगळ्या लेखाचा विषय.) हे सगळं पार पडलं की मैदान. 2022 चा मेळावा मुंब्र्याला होता. तलासरीला रेल्वे नाही. आधी डहाणू रोड गाठायचं, तिथून वसई, मग दिवा गाडी. एवढा प्रवास करून 1.6 किलोमीटर धावायचं.

अपशिंग्याचा मुलगा हेच सगळं करतो, पण एकटा करत नाही. साताऱ्यातल्या त्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत, आणि तरीही गावाला आजवर मिलिटरी अपशिंगे म्हणतात. तिथे कागद कुठला लागतो हे काकाला माहीत असतं, मैदानात दम कुठे राखायचा हे मामा सांगतो, आणि निवृत्त सुभेदाराचं घर समोरच उभं असतं. भरती अशी पिढ्यांच्या ओळखीवर चालते. पूर्वेकडच्या उराँव, मुंडा, संथाळांना बिहार रेजिमेंटनं अशी ओळख दिली. वारली, कोकणा, कातकरी यांच्या वाट्याला ती आली नाही. त्यांच्या पाड्यावर निवृत्त सुभेदाराच्या जागी निवृत्त खलाशी असतो, आणि तो आपल्याला माहीत असलेलीच वाट दाखवतो. त्यातून जो शिकतो तो पोलीस भरतीकडे किंवा पेसा कायद्याखाली अनुसूचित क्षेत्रात राखीव असलेल्या जागांकडे डोळे लावून बसतो, कारण तिथे आरक्षण आहे आणि नोकरी कायमची आहे. यात देशप्रेम कमी पडतं असं मला तरी वाटत नाही.

उलट सीमेवर तो आहेच. सौराष्ट्राची बोट माशामागे सरकत सागरी हद्दीपर्यंत जाते. नोव्हेंबर 2021 मध्ये पाकिस्तानी गोळीबारात पालघर तालुक्यातल्या वडराईचा खलाशी बोटीवरच ठार झाला. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त लागला. 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, तेव्हा त्यात आपल्या भागातली नावं शोधणारी घरं इथे आहेत. शत्रूसमोर जाण्याची जोखीम ही माणसं घेतातच. फक्त अंगावर गणवेश नसतो आणि मागे सैनिकाचा विमा नसतो.

लढाई लांबली की जगभरची सैन्यं अखेर पैशाकडे वळतात. 2005 मध्ये इराक पेटलेलं असताना अमेरिकी लष्कराचं 80,000 चं उद्दिष्ट सुमारे 6,600 नं हुकलं. मग बोनस वाढले, वयाची अट 42 पर्यंत सैल झाली. रशियानं युक्रेनसाठी सही करणाऱ्याला भरघोस रक्कम आगाऊ द्यायला सुरुवात केली आणि तुवा, बुर्यातियासारख्या गरीब प्रांतांतून माणसं गेली. म्हणजे शेवटी तीही उचलच. ती वेळ इथे आली, तर पाड्यावर पैसे घेऊन येणाऱ्यांत सरकारची एक गाडी वाढेल एवढंच, आणि पोरं जातीलही. पण त्याला आपखुशी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

शांततेच्या काळात करण्याजोगं बरंच आहे, आणि त्याला नवी योजना लागत नाही. आदिवासी विकास विभागाची सैन्य-पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची सोय आहे, डहाणूला प्रकल्प कार्यालय आहे, त्याच्या आश्रमशाळा आहेत, गावात तटरक्षक दलाचं ठाणं आहे. भरती कार्यालयाच्या माणसानं जून-जुलैत, बोटवाल्याच्या आधी, आश्रमशाळेत यावं. दाखले आणि आधारमधली नावं तिथेच जुळवून घ्यावीत. नोंदणी पावसाळ्यात, पोरं घरी असताना ठेवावी. आणि पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यातला पालघर जिल्ह्यात परतणारा मुलगा पुढे काय करतो, याची नोंद कुणीतरी ठेवावी. पाड्यावरचे लोक ती ठेवणारच आहेत.