आपल्या गटाचा बॉट आपल्याच गावात ठेवू या : मोहगावकरांना जाहीर आवाहन

मोहगाव आणि पंचक्रोशीतल्या संत्रा बागायतदारांना, शिकणाऱ्या मुलामुलींना आणि आपल्या टेलिग्राम गटातल्या प्रत्येकाला हे आवाहन.

गटावर आपला एक बॉट होता, हे सगळ्यांना आठवत असेल. ‘डिंक्या’ हे रोगाचं नाव लिहिलं की तो बोर्डो मलमाची कृती सांगायचा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. फळगळ, कोळशी, मृगाच्या बहारासाठी ताण कधी द्यायचा, अशी कितीतरी उत्तरं त्यात होती. ती जुन्या बागायतदारांनी सांगितली आणि मी रात्री बसून टंकली. बॉट मात्र बाहेरचं कुणीतरी फुकट चालवत होतं. एक दिवस गटात नको त्या जाहिराती येऊ लागल्या, आठवड्याभरात बॉट मुका झाला आणि आपली सगळी उत्तरं त्याच्यासोबत गेली. विचारायचं कुणाला, तेही कळेना. त्या बॉटला गटाचा अ‍ॅडमिन मीच केलं होतं, म्हणून हे आवाहनही मीच करतो आहे.

आता बॉट आपला हवा. त्याचा प्रोग्राम मुक्त स्रोताचा, म्हणजे कुणालाही वाचता, बदलता येईल असा, आणि तो चालवणारा संगणक आपल्या गावातल्या फळीवर. टेलिग्रामने 2015 साली बॉटसाठी दार उघडलं, तेव्हापासून असे तयार प्रोग्राम भरपूर मिळतात. बहुतेकांना जुना लॅपटॉप आणि लिनक्स पुरतं. बॉट स्वतःच थोड्या थोड्या वेळाने टेलिग्रामला ‘नवीन काही आलं का?’ असं विचारत राहतो, म्हणून वेगळी इंटरनेट लाइन लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही. न उचललेले संदेश टेलिग्राम 24 तासांपर्यंत राखून ठेवतं, लाइट आली की बॉट ते उचलतो.

गावात ठेवायचा एवढा आग्रह का? 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघाले आणि आपला वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. त्यानंतरही जुना बॉट जिल्ह्याच्या कामासाठी माणसाला छिंदवाड्याचाच रस्ता दाखवत राहिला. ते एक वाक्य बदलायचा हक्क आपल्याकडे नव्हता. आपला बॉट असता तर त्याच संध्याकाळी दुरुस्ती झाली असती. भाषेचंही तसंच. आपली मुलं शाळेत हिंदीत शिकतात, घरात मराठी बोलतात, आणि बागेतले शब्द तर निव्वळ आपले. ‘आंबिया’ म्हणजे कुठला बहार हे समजणारा बॉट कुणी दुसरा आपल्याला बनवून देणार नाही.

खासगीपणाबद्दल बायकांनी विचारलं होतं, तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टेलिग्रामचा बॉट गटात साधा सदस्य असेल तर मूळ व्यवस्थेत त्याला सगळं बोलणं दिसत नाही. त्याला उद्देशून आलेल्या आज्ञा आणि त्याच्या संदेशाला केलेले रिप्लाय तेवढे पोचतात. अ‍ॅडमिन केलं की सगळंच दिसतं. आधी चूक झाली ती इथेच. नवा बॉट साधा सदस्यच राहील, त्याच्या संदेशाला रिप्लाय करून मराठीत विचारायचं. त्याची किल्ली, म्हणजे टोकन, दोघांकडेच राहील आणि कुठल्याही गटावर टाकली जाणार नाही. ती ज्याच्या हाती पडेल, बॉट त्याचा.

बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवरच करा म्हणतील. तिथला अधिकृत रस्ता धंद्याच्या खात्यांसाठी आहे. चोरवाटेने जोडणारे प्रोग्राम मिळतात, पण ते नियमाबाहेरचे, नंबर बंद पडू शकतो. ज्या नंबरावर व्यापाऱ्याचा फोन येतो तो कुणी पणाला लावू नये. आणि हेही स्पष्ट सांगतो, की बॉट आपला झाला तरी टेलिग्राम आपलं नाही. गप्पांचं सगळं घरच आपलं हवं असेल तर मॅट्रिक्ससारखा मुक्त मार्ग आहे, पण त्याचा सर्व्हर सांभाळणं जास्त मेहनतीचं. आधी बॉट वर्षभर नीट चालवू, मग ते बघू.

माझी मागणी थोडी आहे. घरात पडून असलेला, चालू होणारा एक लॅपटॉप. इन्व्हर्टर असलेल्या घरातली हातभर जागा. पायथन शिकायची तयारी असलेली तीन-चार मुलंमुली. एकाच्या भरवशावर हे काम नको, तो नोकरीला नागपूरला गेला की पुन्हा बॉट मुका. दर आठवड्याला पेनड्राइव्हवर नक्कल काढणारं एक शिस्तीचं माणूस. आणि जुन्या बागायतदारांना हात जोडून विनंती, की ती उत्तरं पुन्हा एकदा सांगा. औषधांची प्रमाणं या वेळी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशींशी ताडून मगच बॉटमध्ये घालू.

येत्या रविवारी सकाळी 9 वाजता अर्धनारीश्वराच्या देवळापाशी जमू. लॅपटॉप आणणाऱ्यांनी चार्जर सोबत आणावा. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपल्या बागेतला नेहमीचा एक प्रश्न कागदावर लिहून पोरांच्या हाती पाठवावा.